शालीशिवाय गुरुदत्त

वहिदा रेहमान हिंदी सिनेमाला मिळाली, त्यात एका म्हशीचा वाटा आहे. १९५५ च्या सुमाराची गोष्ट. दक्षिणेत गाजणारा एक सिनेमा बघून यावा, जमल्यास त्याचा हिंदी अवतार काढावा, म्हणून गुरुदत्त, त्याचा लेखक-मित्र अबरार अल्वी आणि मंडळी मुंबईहून मोटारीनं हैदराबादला निघाली. वाटेत म्हैस आडवी आली आणि गाडीचा नकाशा बदलला. हैदराबादेत तो सिनेमा काही पसंत पडला नाही, पण गाडी गॅरेजात, त्यामुळे परतीची वाट बंद. अशात एका वितरकाच्या ऑफिसात बसले असताना खाली रस्त्यावर गलका झाला. ‘रोजुलु मारायी’ या तेलुगू चित्रपटात एकच नाच करून गाजलेली मुलगी गाडीतून चालली होती आणि पोरंटोरं मागे धावत होती. मुलगी उर्दू छान बोलते, असं वितरकानं सांगितलं. गुरुदत्तचे कान टवकारले. भेट झाली, तीत तो जेमतेम चार वाक्यं बोलला, आणि काही महिन्यांनी त्या मुलीला मुंबईचं बोलावणं गेलं. म्हशीचा हा भाग अल्वींच्या आठवणींतला. श्रेयनामावलीत तिचं नाव कुणी घातलं नाही, हा अन्यायच.

गुरुदत्तचं नाव निघालं की आपल्याकडे बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. दारात हात पसरून उभा असलेला, शाल पांघरलेला कवी डोळ्यांपुढे येतो. सुस्कारे सुरू होतात. पण जरा हिशेब मांडून बघा. दिग्दर्शक म्हणून त्याच्या नावावर लागलेले चित्रपट आठ: ‘बाजी’, ‘जाल’, ‘बाज’, ‘आर पार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘सैलाब’, ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’. यातले पहिले चार जुगारी, स्मगलर, समुद्रावरचे बंडखोर आणि टॅक्सीवाले यांचे. पाचवा फक्कड विनोदी. ‘सैलाब’ आपटला आणि लोक तो विसरले. ज्यांच्यावर पुस्तकं निघाली, परिसंवाद झाले, ते रडवणारे सिनेमे दोनच. त्या दोनांनी उरलेल्या सहांना खाऊन टाकलं. हा माणूस एरवी काय उद्योग करत होता, तेवढंच इथं बघायचं आहे.

दत्त नव्हे, पदुकोण

९ जुलै १९२५ ला बंगळूरमध्ये जन्म. नाव वसंतकुमार, आडनाव पदुकोण. लहानपणी एक अपघात झाला, नाव लाभत नाही असं घरच्यांना वाटलं आणि ते बदलून ‘गुरुदत्त’ ठेवलं. पुढे पडद्यावर आडनाव गळालं, आणि लोकांनी उरलेल्या नावाचे गुरु आणि दत्त असे दोन तुकडे करून त्याला परस्पर बंगाली ठरवून टाकलं. त्यात याची बंगाली अस्सल, कारण लहानपण गेलं कलकत्त्यात, भवानीपूरला. बायकोही बंगाली, गीता रॉय. आता कोण मान्य करणार की घरी हा चित्रापूर सारस्वतांची कोकणी बोलतो?

घरात कलेची साथ पसरलेलीच होती. आई वासंती लिहायची, बंगाली कादंबऱ्या कन्नडमध्ये आणायची. धाकटी बहीण ललिता लाजमी चित्रकार झाली. ‘तारे जमीन पर’मध्ये मुलांच्या चित्रस्पर्धेला परीक्षक म्हणून ज्या बाई येतात, त्या याच. ‘रुदाली’ करणारी कल्पना लाजमी ही ललिताची मुलगी, म्हणजे गुरुदत्तची भाची. श्याम बेनेगल नात्यानं भाऊ. कलकत्त्यातले बी. बी. बेनेगल मामा सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. लहानपणी आजी संध्याकाळी दिवा लावायची, आणि हा पोरगा त्या दिव्यापुढे बोटं नाचवून भिंतीवर सावल्यांचे आकार काढत बसायचा. प्रकाश आणि सावली यांच्याशी त्याचं इथूनच जमलं असणार, असं त्याचे चरित्रकार सांगतात. मला हे जरा जास्तच सोयीचं वाटतं, पण आठवण गोड आहे म्हणून असू दे.

नाग डोलला, टेलिफोन वाजला

मामांनी काढलेलं एक चित्र बघून गुरुदत्तनं सर्पनृत्य बसवलं. त्या पवित्र्यातले फोटो मामांकडूनच काढून घेतले. पुढे उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात तो दाखल झाला, ते याच नृत्याच्या नादात. गाणं, कवायत, नाटक, सगळं एकत्र शिकवणारी ती जागा. युद्धाच्या धामधुमीत १९४४ ला केंद्र बंद पडलं.

मग कलकत्त्यात लीव्हर ब्रदर्सच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी. ‘नोकरी लागली’ अशी घरी तार गेली. थोड्याच दिवसांत कंटाळा आला. पुढे हिंदी सिनेमातल्या गाण्यांना इतकी नेमकी जोडणी देणारा माणूस टेलिफोनच्या जोडण्या करण्यात मात्र रमला नाही.

पुण्यातला धोबी

मामांनी १९४४ मध्येच त्याला पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत तीन वर्षांच्या करारावर चिकटवलं. शांताराम तोवर प्रभातमधून बाहेर पडले होते, पण कंपनीचा दबदबा शाबूत होता. इथं गुरुदत्त नाच बसवायचा, सहायकगिरी करायचा आणि रिकामी जागा दिसली की पडद्यावरही घुसायचा. ‘चाँद’मध्ये तो चक्क श्रीकृष्ण झाला होता. याच ‘चाँद’मध्ये रेहमान नावाचा एक देखणा पठाण चमकून गेला, कारण पठाणी फेटा बांधता येणारा माणूस हवा होता आणि त्याला तो येत होता. हवाई दलात वैमानिक व्हायला निघालेला हा गडी फेट्याच्या जोरावर नट झाला आणि पुढे ‘प्यासा’तला पाताळयंत्री प्रकाशक, ‘चौदहवीं का चाँद’मधला नवाब, ‘साहिब बीबी और गुलाम’मधला छोटे बाबू झाला.

मराठी वाचकानं कान द्यावा अशी पुढची गोष्ट. १९४५ च्या ‘लाखारानी’साठी गुरुदत्त ज्यांच्या हाताखाली सहायक होता, ते विश्राम बेडेकर. तेच, ‘रणांगण’वाले. त्या चित्रपटात त्यानं छोटी भूमिकाही केली. ‘प्यासा’चा दिग्दर्शक बेडेकरांच्या मागे धावपळ करतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. आपल्याकडे या योगायोगाचा हवा तेवढा गवगवा झालेला नाही.

आणि धोबी. पी. एल. संतोषींच्या ‘हम एक हैं’साठी लाहोरकडचा एक सडपातळ तरुण हिरो म्हणून प्रभातमध्ये आला होता, देव आनंद. दोघांचे कपडे एकाच धोब्याकडे. एके दिवशी देवला त्याचा शर्ट दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर दिसला. विचारणा झाली, शर्ट धोब्यानं बदलल्याचं निघालं, आणि भांडणाऐवजी दोस्ती झाली. त्या दोस्तीत आणाभाका झाल्या: मी निर्माता झालो तर दिग्दर्शक तू, तू दिग्दर्शक झालास तर हिरो मी.

देवनं शब्द पाळला. ‘नवकेतन’ काढल्यावर ‘बाजी’ गुरुदत्तच्या हाती दिला. गुरुदत्तनंही पाळला, पण पळवाट ठेवून. देवला घेऊन त्यानं ‘जाल’ दिग्दर्शित केला खरा, पण स्वतःच्या कंपनीच्या ‘बाज’ आणि ‘आर पार’मध्ये हिरो स्वतःच झाला. पुढे ‘सी.आय.डी.’त देवला हिरो घेतलं, तर दिग्दर्शन आपल्या सहायकाकडे, राज खोसलाकडे सोपवलं. वकील लावला असता तर देव जिंकलाही असता.

प्रभातचा तो परिसर म्हणजेच आजचं लॉ कॉलेज रोडवरचं फिल्म इन्स्टिट्यूट. जिथं हा पोरगा नाच बसवायचा, तिथंच पुढच्या पिढ्यांना त्याच्या चित्रपटांतले शॉट फोडून दाखवले गेले.

बेकारीचे दिवस

१९४७ मध्ये करार संपला आणि मुंबईत माटुंग्याला घरच्यांबरोबर राहून जवळजवळ दहा महिने बेकारी. या काळात त्यानं ‘इलस्ट्रेटेड वीकली’साठी इंग्रजीत कथा लिहिल्या आणि ‘कश्मकश’ नावाची एक गोष्ट कागदावर उतरवली. कामासाठी दारोदार फिरणाऱ्या कलावंताची. तीच दहा वर्षांनी ‘प्यासा’ झाली.

मास्तर, तिकीट!

‘बाजी’ची पटकथा बलराज साहनींची. हे साहनी बेस्टच्या बसनं प्रवास करताना एका कंडक्टरच्या नकलांवर खूश झाले. कंडक्टरचं नाव बद्रुद्दीन काझी, मूळचा इंदूरकडचा, डोक्यात सिनेमाचा किडा. साहनींनी त्याला पढवलं: गुरुदत्तच्या ऑफिसात दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात घुस. बहाद्दर घुसला. वाटेल ते बरळला, सगळ्यांना वेठीला धरलं. त्याला बाहेर काढायची वेळ आली तेव्हा साहनींनी खूण केली आणि हा ताड्कन सरळ उभा राहून सलाम ठोकता झाला. गुरुदत्त हसून लोळला आणि ‘बाजी’त त्याच्यासाठी जागा काढली. नाव ठेवलं प्रसिद्ध व्हिस्कीवरून, जॉनी वॉकर. मजा अशी की जॉनी वॉकर आयुष्यभर दारूला शिवला नाही.

त्यांचं काम करण्याचं तंत्रही न्यारं. गुरुदत्त त्याला प्रसंग सांगायचा, संवाद द्यायचा आणि म्हणायचा, यापेक्षा बरं काही सुचलं तर कर. जॉनी करायचा. त्या वेळी गुरुदत्त जॉनीकडे कमी आणि सेटवरच्या लाइटवाल्यांकडे, कॅमेरावाल्यांकडे, सहायकांकडे जास्त बघायचा. ती मंडळी हसली की शॉट पक्का. आजकाल ज्याला प्रेक्षक-चाचणी म्हणून बिलं लावतात, ती हा गृहस्थ फुकटात उरकायचा.

‘प्यासा’तला चंपी-मालिशवाला आठवतो? तसा एक मालिशवाला गुरुदत्तला कलकत्त्यात दिसला होता. त्यानं जॉनीला त्याच्या लकबी नीट बघून ठेवायला सांगितलं. इतका जड सिनेमा, आणि गल्लीबोळांत वाजलं ते तेलमालिशचं गाणं.

दोघांना आणखी एक नाद होता, गळ टाकून बसण्याचा. पवई तलावावर मासे धरायला ही जोडी जायची. शिवाय गुरुदत्तनं लोणावळ्याला शेत घेतलं होतं. सिनेमाचा वैताग आला की तिकडे जाऊन तो शेतकरी होई.

पोर्तुगीज, पारशी आणि पंजाबी

‘बाज’ या पोर्तुगीजविरोधी समुद्री लढाईत गुरुदत्त पहिल्यांदा नायक झाला. तलवार उपसून उभा असलेला गुरुदत्त बघायचा असेल तर जरूर बघा. माझं प्रामाणिक मत, तलवारही त्याच्याइतकीच अवघडलेली दिसते. चित्रपट पडला. त्याचा संगीतकार ओ. पी. नय्यर वैतागून राहिलेले पैसे मागायला आला. पैसे नव्हतेच. गुरुदत्तनं त्याऐवजी पुढच्या चित्रपटाचं संगीत त्याच्या गळ्यात घातलं. तो ‘आर पार’. उधारी अशी फिटली की नय्यरचं नाणं पुढची कित्येक वर्षं खणखणत राहिलं.

‘आर पार’पासून अबरार अल्वी संवाद लिहू लागला. तोवर हिंदी सिनेमात चोर, सावकार आणि प्रेमिक सगळे एकाच पुस्तकी भाषेत बोलायचे. अल्वीनं टॅक्सीवाल्याला टॅक्सीवाल्यासारखं बोलायला लावलं. गॅरेजमधला पंजाबी पंजाबी वळणानं, पारशी पारशी वळणानं. मुंबईचा रस्ता पडद्यावर ऐकू यायला लागला.

गाणं कुठून सुरू झालं?

गुरुदत्तच्या गाण्यांची एक खोड आहे. आधी व्हायोलिनं वाजतात, हिरॉईन खांबाला टेकते, मग मुखडा सुरू होतो, हा शिरस्ता त्यानं मोडला. त्याच्याकडे अनेकदा बोलता बोलता गाणं चालू होतं, सुरुवातीच्या वाद्यांचा तुकडाच नाही. संवादाचं शेवटचं वाक्य आणि गाण्याचा पहिला शब्द यांच्यामध्ये बोट घालायला जागा नसते. बरं, ती गाणी घडतात कुठं? गॅरेजात, टॅक्सीत, पोहण्याच्या तलावाकाठी, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या टेबलांमध्ये. आणि गातं कोण? हिरोच गायला पाहिजे असं नाही. चार घटका पडद्यावर येणाऱ्यालाही चांगली चाल मिळायची.

‘बाजी’त साहिरनं गझल लिहून दिली, सचिनदेव बर्मननी तिला क्लबातली पाश्चात्त्य चाल लावली आणि गीता रॉयनं ती अशी काही म्हटली की भजनाच्या गळ्याची म्हणून ओळखली जाणारी ही मुलगी एका रात्रीत वेगळीच झाली. त्याच चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात गुरुदत्त तिला भेटला. २६ मे १९५३ ला लग्न. त्यानं तिला लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपानं आली आहेत.

‘बाजी’ आणि ‘जाल’ या दोन्ही चित्रपटांत गुरुदत्त स्वतः क्षणभर दिसून जातो. पहिल्यात रस्त्यावर बसलेला, दुसऱ्यात कोळी. शोधा.

आरशाचा माणूस

‘बाजी’च्या वेळी व्ही. के. मूर्ती हा छायालेखक व्ही. रात्रांचा सहायक. एका नाचगाण्यासाठी त्यानं आरशातून सुरू होणारा एक अवघड शॉट सुचवला. करणार कोण? मीच, म्हणाला. घेतला. गुरुदत्त इतका खूश झाला की पुढचा चित्रपट आपण दोघं करायचा, असं तिथंच ठरलं. ‘जाल’पासून मूर्ती त्याचा डोळा झाला.

१९५९ च्या ‘कागज के फूल’मध्ये या दोघांनी सिनेमास्कोप आणलं. हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. खरं तर हा मान ‘गौरी’ नावाच्या बंगाली चित्रपटाला मिळायचा. त्यात नायिका म्हणून खुद्द गीता दत्त उभी राहणार होती, पण थोडं चित्रीकरण होऊन तो बारगळला.

‘वक्त ने किया’ या गाण्यातला वरून खाली तिरपा उतरणारा प्रकाशाचा झोत आठवा. छायालेखन शिकणारी पोरं अजून त्याची नक्कल करतात. त्यासाठी लागलेली यंत्रसामग्री म्हणजे दोन मोठे आरसे! वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत गुरुदत्तला आत शिरलेला सूर्याचा कवडसा आवडला होता. मूर्तीनं एक आरसा बाहेर उन्हात ठेवला, दुसरा वर माच्यावर, आणि ऊन अक्षरशः वळवून सेटवर आणलं. थोडा धूर सोडला. झालं. जगातला सगळ्यात मोठा दिवा भाड्याशिवाय मिळाला. मूर्तीला या चित्रपटासाठी फिल्मफेअर मिळालं, आणि पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारा तो पहिला छायालेखक ठरला. त्याच ‘कागज के फूल’च्या कलादिग्दर्शनाचं फिल्मफेअर आपल्या एम. आर. आचरेकरांना मिळालं.

आचरेकरांवरून आठवलं. ‘सी.आय.डी.’, ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’ यांतल्या वेशभूषेमागे कोल्हापूरची एक तरुण चित्रकार होती, भानू अथैया. पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर आणणारी. म्हणजे ‘साहिब बीबी’तल्या छोटी बहूच्या साडीचा काठ थेट ऑस्करपर्यंत गेला म्हणायचं.

मुलीच्या अटी

वहिदा मुंबईत आली तेव्हा अठराची पण नव्हती. करारावर सही करायला आई लागली. राज खोसलाला तिचं नाव लांबलचक वाटलं. दिलीपकुमारनं बदललं, मधुबालानं बदललं, तूही बदल. पोरगी म्हणाली, आईवडिलांनी ठेवलंय, बदलणार नाही. वर आणखी अट: जे कपडे मला आवडणार नाहीत, ते मी घालणार नाही, आणि हे करारात लिहा. अजून एकही हिंदी चित्रपट पदरी नसलेल्या मुलीनं हे सांगायचं म्हणजे कमाल. खोसला चिडला. गुरुदत्त शांत बसून ऐकत होता. शेवटी दोन्ही अटी मान्य झाल्या.

हिरो आलाच नाही

‘प्यासा’चा विजय दिलीपकुमार करणार होता. पहिल्या दिवशी सेट तयार, माणसं तयार, दिलीपकुमारचा पत्ता नाही. वाट बघून बघून गुरुदत्त स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. त्या चित्रपटाबद्दल एवढं लिहून झालंय की मी इथं फक्त काठाकाठानं जातो. विजयचा भाऊ झालाय तो मेहमूद. कलकत्त्याच्या वेश्यावस्तीत खरंखुरं चित्रीकरण करायचा बेत होता, पण तिथल्या दलालांनी युनिटवर हल्ला केला, तेव्हा फोटो काढून आणून मुंबईत सेट उभारला. मूर्तीनं सांगितलेली एक आठवण अशी की, एका शॉटचे १०४ टेक झाले, गुरुदत्तला संवाद जमेना. काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि चटकन देऊन टाकला. आणि शेवट: गुरुदत्तच्या मनात विजयनं एकट्यानं निघून जायचं होतं, पण वितरकांना हे फार कडू वाटलं, म्हणून वहिदानं केलेल्या गुलाबोला बरोबर धाडलं. २००५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं जगातल्या शंभर सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत ‘प्यासा’ घेतला, तो वितरकांच्या शेवटासकट.

डोळे का लाल?

‘कागज के फूल’ पडल्यावर गुरुदत्तनं दिग्दर्शक म्हणून पुन्हा कधी नाव लावलं नाही. पण लोक समजतात तसा तो कोपऱ्यात शाल ओढून बसला नाही. लगेच पुढच्या वर्षी एम. सादिक यांच्याकडे दिग्दर्शन देऊन ‘चौदहवीं का चाँद’ काढला आणि तुफान पैसा कमावला. लखनौ, बुरखे, गैरसमज, सगळा मसाला.

चित्रपट कृष्णधवल, पण शीर्षकगीत पुढे रंगीत करून घातलं. रंगीत फिल्मला प्रकाश फार लागायचा. दिव्यांच्या झळांनी वहिदाचे डोळे लालसर झाले. सेन्सॉर बोर्डानं त्यावर हरकत घेतली: बाईंचे डोळे लाल, म्हणजे प्रसंग फार उत्तान! गाणं कृष्णधवल होतं तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. हा किस्सा खुद्द वहिदानं हसत हसत सांगितलेला आहे.

१९६२ च्या ‘साहिब बीबी और गुलाम’वर दिग्दर्शक म्हणून अबरार अल्वीचं नाव आहे. गाणी गुरुदत्तनं चित्रित केली, यावर सगळ्यांचं एकमत. बाकीचं कुणी केलं यावर गेली साठ वर्षं चहाचे कप रिकामे होत आहेत. फिल्मफेअर अल्वीला मिळालं. गुरुदत्तला दिग्दर्शनाचं फिल्मफेअर जन्मात एकदाही नाही. त्या वर्षी अभिनेत्रीच्या पुरस्काराची तिन्ही नामांकनं एकट्या मीनाकुमारीची होती, म्हणजे तिला हरवायला तीच. या चित्रपटातलं एक गाणं प्रेक्षकांना खटकल्यामुळे प्रदर्शनानंतर कापलं गेलं. हेमंतकुमारनं चाल वाया घालवली नाही. चार वर्षांनी ‘अनुपमा’त तीच चाल नव्या शब्दांसह आली आणि गाजली.

राहून गेलेलं

अर्धवट सोडणं हा गुरुदत्तचा छंदच होता. त्याच्या ‘राज’मध्ये सुनील दत्त आणि वहिदा होते आणि संगीतकार म्हणून सचिनदेवांचा मुलगा राहुल ऊर्फ पंचम पदार्पण करणार होता. गाणी ध्वनिमुद्रितही झाली. चित्रपट थांबला आणि पंचमचं पदार्पण ‘छोटे नवाब’पर्यंत लांबलं. ‘राज’ची कल्पना राज खोसलानं उचलली आणि ‘वह कौन थी’ केला. ‘प्रोफेसर’ही मुळात गुरुदत्तच्या घरचा. अल्वीची गोष्ट, पण ती शेवटी शम्मी कपूरनं गाजवली. बाकीच्यांची घरं भरली ती याच्या टाकलेल्या कागदांवर.

१० ऑक्टोबर १९६४ ला, वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला. हातात अर्धे राहिलेले चित्रपट होते. ‘बहारें फिर भी आएँगी’ नव्यानं धर्मेंद्रला घेऊन पुरा झाला. दुसरा के. आसिफचा ‘लव्ह अँड गॉड’. त्यात गुरुदत्त मजनू. त्याच्या जागी संजीवकुमार आला, मग आसिफ गेला, मग संजीवकुमारही गेला, आणि चित्रपट १९८६ मध्ये कसाबसा पडद्यावर आला.

सुरुवात कुठून करायची?

२०२५ मध्ये जन्मशताब्दीच्या निमित्तानं त्याचे चित्रपट डागडुजी होऊन पुन्हा थिएटरांत लागले. त्यानंतर तरुण पोरं विचारतात, गुरुदत्त बघायचा तर आधी काय बघू? सगळे ‘प्यासा’ सांगतात. मी म्हणेन, तो दुसऱ्या आठवड्याला ठेवा. आधी ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ लावा. मधुबाला हसते आहे, जॉनी वॉकर ऑफिसात धुमाकूळ घालतोय, ललिता पवार सगळ्या पुरुषजातीवर डोळे वटारते आहे आणि गुरुदत्त कडका, बेकार व्यंगचित्रकार आहे. त्यातल्या स्त्री-हक्कांच्या टिंगलीवर आजच्या मुली तुटून पडतील, आणि पडावंच. पण हा शालवाला कवी किती बेरकी हसू शकतो, ते इथं दिसतं. फक्त तो कागदावर चित्र काढायला लागला की चेहरा सोडून हाताकडे बघा. रेषा फारच सफाईनं उमटते, कारण तो हात गुरुदत्तचा नाहीच, आर. के. लक्ष्मण यांचा आहे.